दादाने हात उचलला नाही

बसा. दिवा राहू दे बंद, डास येतात. तुम्हा पोरांना इथे नोकरी हवी आहे, म्हणून सांगतो. ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या भावाचं आहे.

मी सातवीत शाळा सोडली. दादाने मात्र तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण पूर्ण केलं. सर्टिफिकेट घेऊन त्याने सगळे दवाखाने पालथे घातले. जिथे तिथे एकच, "अनुभव आहे का?" शेवटी इथे मदतनीस म्हणून घेतलं. स्ट्रेचर ढकलायचं, रक्त पुसायचं.

आई म्हणाली, "एवढं शिकून फरशीच पुसणार होय रे?"

"आत तर शिरलो ना, आई."

घरी तो मला उशीवर छाती दाबायला शिकवायचा. "कोपर ताठ ठेव, गाढवा. बरगडी मोडली तरी चालेल. दुसरा माणूस 'मी घेतो' म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"मग मरेपर्यंत दाबत बसायचं," म्हणाला आणि हसला.

मार्चमधल्या एका रविवारी रात्री भोसकलेला एक पोरगा आला. डॉक्टर वर ऑपरेशनमध्ये. दादा खाटेवर चढला, त्या पोराच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून त्याची छाती दाबू लागला. तेवढ्यात भोसकणारेच आत घुसले. पुढे एक जाडा, हातात लोखंडी गज. "उतर खाली!"

दादा उतरला नाही. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा पाठीत. सिस्टर किंचाळत होत्या. तिसऱ्याने कवटी फुटली... रक्त त्या पोराच्या तोंडावर गळत होतं आणि दादाचे हात चालूच. सगळे भिंतीला चिकटलेले. 'मी घेतो' म्हणायला एकही पुढे झाला नाही. शेवटी तो त्या पोरावरच कोसळला. दोघेही गेले.

दवाखान्याच्या साहेबांनी दादाची जागा मला देऊ केली. मी घेतली. का, ते आईलाही सांगितलं नाही. जाडा जामिनावर सुटला होता. कोर्टात मी त्याचा चेहरा पाठ केला होता. असला माणूस कधी ना कधी इथेच येणार. मी खिशात चाकू ठेवून फरशी पुसत होतो.

आला. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार, मध्यरात्र उलटलेली. छातीत दुखत होतं त्याच्या. सिस्टरनी त्याला त्याच खाटेवर घेतलं, मशीन लावलं आणि डॉक्टरांना आणायला धावल्या. "लक्ष ठेव रे!"

मी चाकू उघडला. त्याच्या गळ्याला लावला. त्याने मला ओळखलंही नाही.

"भाऊ... पाणी..."

आणि डोळे फिरवले. मशीनवरची रेघ सरळ झाली.

मी चाकू मिटला. आता कशाला हात घाण करा? मागे सरलो. हाताची घडी घातली. मर.

खाट करकरली.

त्याची छाती खाली गेली. वर आली. परत खाली.

खाटेजवळ कोणी नव्हतं.

कड्... बरगडी मोडली. मग दुसरी.

"दादा?"

खाली. वर.

"दादा, सोड त्याला. यानेच तुला..."

थांबला नाही. लय तीच. उशीवरची.

मग धापा ऐकू आल्या. मेल्यावरही दमत होता माझा भाऊ. त्याला काय ऐकायचंय ते मला माहीत होतं. तो जाडा मेला पाहिजे होता मला. पण त्या धापा...

"उतर दादा," मी ओरडलो. "मी घेतो."

खाट शांत झाली.

मी हात ठेवले. दाबलं. आईबहिणीवरून शिव्या देत, रडत दाबलं. डॉक्टर येऊन बाजूला ढकलेपर्यंत हात उचलला नाही. जाडा जगला. आजही जिवंत आहे.

त्याला वर हलवल्यावर मी चादर ओढून काढली. गादीत, तो निजला होता त्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यांचे खोल खड्डे. मी तर जमिनीवर उभा राहून दाबलं होतं.

हात लावून पाहिला.

कोमट होते.