टेंभऱ्यांच्या दोन बाटल्या

सत्य फार काळ लपून राहत नाही, असं वच्छलाबाई बिसेन यांच्या पाटीवर लिहिलं होतं. पाटी राईस मिलच्या कोंड्याखाली गेली होती. लॅबोरेटरीतून निवृत्त होऊन बाईंनी गोंदियात गुप्तहेरी सुरू केली, तेव्हापासून ती कोणी पुसली नव्हती.

त्यांचा ऑटोवाला आणि एकमेव सहकारी गुलाबचंद चहा ओतत होता. एवढ्यात रिंकी टेंभरे धापा टाकत आत आली.

"काकू, आईच्या छातीतल्या पाण्यात कॅन्सर निघाला! बाबूजीच्या पाण्यात नुसता टीबी. दोघांचं पाणी एकाच दिवशी काढलं होतं. उद्या आईले किमोसाठी नागपूरले नेऊन राहिले."

"मग तुले खटकून काय राहिलं?"

"रिपोर्ट येईपर्यंत महिनाभर दोघंही टीबीच्या गोळ्या खाऊन राहिले. आई आता धानाच्या रोवणीत उभी राहते. बाबूजीले ओसरीची पायरी चढवत नाही. पाण्याच्या बाटल्या नागपूरच्या लॅबले धनेंद्रकाकानं नेल्या. त्यानंच बदलवल्या, मले वाटते."

वच्छलाबाईंनी आईचा रिपोर्ट वाचला. जनुकात एक बदल सापडलेला. त्यावर गोळी लागू पडण्याची शक्यता. शिवाय, कॅन्सरच्या पेशींतलं वाय गुणसूत्र हरवलेलं.

"बरोबरच तं हाय," गुलाबचंद म्हणाला. दहावीचं विज्ञान त्याला तिसऱ्या खेपेला सुटलं होतं. "बाईमाणसाले वाय नसतेच."

बाई ताडकन उठल्या. "ऑटो काढ!"

धनेंद्र उखडलाच. "डब्याले दवाखान्याचं सील होतं. नागपुरातच फोडलं. मी कायले बदलवू? भाऊ हाय माहा तो!"

दवाखान्यातला कंपाउंडर भूपेंद्र म्हणाला, "नवरा बाकावर आडवा. बायकोच दोन्ही बाटल्या घेऊन खिडकीपाशी आली. विचारून विचारून लेबलं लावली, मॅडम."

रिंकीची आई दुलारी बांधावर भेटली. "मालकांचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"रिंकीले विचारा," ती म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली.

संध्याकाळी टेंभऱ्यांच्या ओसरीत सगळे जमले. गुलाबचंदला बसवेना.

"जे नव्हतंच ते हरवते कसं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "पाण्यात अंगच्या साध्या पेशीही येतात. त्यांच्यात वाय होतं, म्हणून तर कॅन्सरच्या पेशींनी ते गमावलं हे कळलं. हे पाणी पुरुषाचं! सील शाबूत, म्हणजे धनेंद्र सुटला. उरली खिडकी." त्यांनी एक बाटली उचलली. "भूपेंद्र, त्या दिवशी विचारलं तसंच विचार."

"ही कोणाची?"

दुलारीनं पदर ओढला. गप्प.

"अशीच गप्प राहिली!" भूपेंद्र ओरडला. "म्या समजलो, लाजते म्हणजे तिचीच. टाकलं तिचं नाव!"

"बावीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. तुह्या खिडकीपाशी घेईल?" वच्छलाबाई म्हणाल्या.

खाटेवरून रिंकीच्या बाबूजीनं, लक्ष्मीचंदनं, हळूच विचारलं, "म्हंजे कॅन्सर मले हाय?"

"हो. पण ती गोळीही तुमचीच."

नागपूरच्या पिशवीतलं आपलं लुगडं दुलारीनं काढलं आणि त्याचे कपडे भरायला लागली.

गुलाबचंदनं टाळ्या वाजवल्या. मग घडी घालायला रिपोर्ट उलटा केला. मागे छापलं होतं: नमुना पुरुषाचा दिसतो. नाव तपासून घ्यावे.