योग्य नाव

मॅन्युअल लिहिणाऱ्याला त्याच मॅन्युअलवरून एकदा काम करायला बसवलं पाहिजे, म्हणजे कळेल. आमच्या कोडचा अकरा वर्षांचा इतिहास, कुठली ओळ कोणी आणि कधी बदलली ते सगळं, जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचा होता. दुपारी चारला जुना सर्व्हर कायमचा पुसला जाणार होता. आणि इम्पोर्टचं टूल सकाळपासून एकाच बदलाशी अडून बसलेलं: 'लेखक सापडला नाही.'

तो बदल तात्यांच्या नावावर होता. तात्या माझ्या शेजारी बसायचे. मला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनीच. औषधांच्या शीतगृहाचं तापमान चुकलं आणि अख्खा साठा वाया गेला, तो याच बदलामुळे. तात्यांची नोकरी गेली, वर्षभरात तेही गेले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला एकदाच विचारलं, "खरंच यांच्या हातून झालं का रे?"

"होतं काकू, कधीकधी," मी म्हणालो.

तात्या जेवायला गेले असताना त्यांच्या मशीनवर बसून तो तापमानाचा आकडा मी बदलला होता.

मॅन्युअल उघडलं. 'लेखक न सापडल्यास यादीत योग्य नाव भरावे.' आता योग्य म्हणजे कुठलं, कपाळ? मी तात्यांचं पूर्ण नाव भरलं. पुन्हा तेच रडगाणं. परत पान उघडलं, तर वाक्य लांबलेलं: 'योग्य नाव, म्हणजे ज्याने प्रत्यक्ष बदल केला त्याचे.' मघाशी घाईत नजर चुकली असेल, म्हटलं.

खात्री करायला पलीकडच्या टेस्टरबाईंना बोलावलं.

"योग्य नाव भरावे," त्यांनी वाचलं.

"आणि पुढे?"

"पुढे काय? पान संपलं. डोळे तपासून घ्या बुवा."

त्या हसत गेल्या. मी पुढचं वाचलं. 'जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या मशीनवर बसून बदल केला असल्यास स्वतःचे नाव भरावे.'

मी घड्याळाकडे पाहिलं.

साडेतीन वाजले होते. मी माझं नाव टाइप केलं. एंटर दाबायचं, संध्याकाळी काकूंकडे जायचं, पाय धरायचे आणि सगळं सांगून टाकायचं. मग साहेब आठवले, घरी काय सांगायचं ते आठवलं. सांगायला लाज वाटते, पण नाव खोडलं. पुन्हा तात्यांचं भरलं.

या वेळी टूल मुकाट्याने पुढे सरकलं.

चारला जुना सर्व्हर पुसला गेला.

ताळा जुळवला. नव्या इतिहासात एक बदल जास्त होता. आजच्या तारखेचा, तीन वाजून एकतीस मिनिटांचा. तात्यांच्या नावाने.

कोडला हात लावलेला नव्हता. नुसता शेरा होता.

'मला तेव्हाच कळलं होतं, पोरा. कुणाला बोललो नाही. तुझी काकू आत्ताच आली इथे. तेच विचारतेय.'

मी काकूंना फोन लावला. बराच वेळ वाजला.

फोन त्यांच्या शेजारणीने उचलला.