न उघडलेल्या अकरा पुड्या

उत्कर्षानं काउंटरवर बाटली आपटली. आत पाणी होतं म्हणे... दिसायला शाईच!

"आता ह्याचं काय करू सांगा. मैत्रिणीची बदली झाली, जाताना मासे माझ्या गळ्यात घातले. वर सांगून गेली, फिल्टरमध्ये कोळसा टाकत जा. टाकला!"

मार्चची दुपार, पण ऊन मेचं. सोलापूरच्या कन्ना चौकात रिक्षातून उतरून ती दिसलं त्या पहिल्याच मासेवाल्या दुकानात शिरली होती. आत गारवा, भिंतीभर टाक्या, बुडबुड्यांची बुडबुड. आणि काउंटरमागं दुकानाचा मालक, राजशेखर. त्यानं बाटली उजेडात धरली, हलवली, डॉक्टरासारखं तोंड केलं.

"कुठला कोळसा टाकला, मॅडम?"

"कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा."

तो हसला नाही. फक्त काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही. खांदे तेवढे हलत होते.

"हसताय तुम्ही!"

"न्हाय हो..." डोळे पुसत तो वर आला. "माशांच्या कपड्याला इस्त्री करायची होती काय?"

तिला राग यायला पाहिजे होता. आला नाही. तिथंच सगळा घोळ झाला बघा.

"मासे कुठले?"

"डिस्कस. जोडी आहे. रावसाहेब आणि बाईसाहेब."

"अरारा! लई नाजूक जात." त्यानं एक पुडी पुढं ठेवली. प्लॅस्टिकच्या आत जाळीची पिशवी, पिशवीत काळे दाणे. "हा ॲक्टिव्हेटेड कार्बन. एकेका दाण्याला लाखो बारीक भोकं. वास, पिवळेपणा, क्लोरीन, सगळं धरून ठेवतंय. पण पोट भरलं की काम बंद. म्हणून महिन्याला एक."

आणि मार्कर काढून त्यानं पुडीवर लिहिलं — 'आधी नीट धुवा. पहिलं पाणी काळंच निघतं, घाबरू नका.'

"थँक्यू..." म्हणून ती अडखळली. आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला अण्णा म्हणत होतं. तिच्या जिभेवर ते येईचना. त्याच्याही ते ध्यानात आलं असणार, कारण मार्करचं टोपण लावायचं तो विसरला.

महिना कुठला! आठव्या दिवशी उत्कर्षा हजर.

"संपला?"

"संपला."

"महिन्याला एक म्हणालो होतो की. तुमी करता काय?"

"शाळेत गणित शिकवते."

"अगं आई गं... पोरांचं कसं व्हायचं, बाई?"

पण पुडी दिली. वर जणू पुडीच बोलतेय असं लिहिलं —  'औषध टाकाल तेव्हा मला बाहेर काढा, न्हायतर मीच पिऊन टाकीन.' पुढच्या आठवड्यात — 'रावसाहेबांना नमस्कार. बाईंना दोन.' आता बाई म्हणजे कोण, मासा का मास्तरीण? त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. आठवडाभर तेवढंच डोक्यात.

तिचं कशात म्हणून लक्ष लागेना. बसली की उठावं वाटे, उठली की जावं वाटे. स्कूटी काढायची भाजीला आणि पोचायची कन्ना चौकात. सुट्टी लागली तेव्हा तर घराचं निम्मं फरशीकाम तिनं फेऱ्या मारून झिजवलं.

"बूड टेक की जरा!" फुलाआत्या ओरडायची. वैराग गावची ही आत्या उन्हाळ्यात भाचीकडं मुक्कामाला असायची. "पायाला काय चाकं लावलीत व्हय?"

आता खरी भानगड सांगतो. पहिली पुडी उत्कर्षानं घरी येताच टरकन फाडली होती. बघते तर त्याची अक्षरंही फाटली. कसंसंच झालं तिला. नंतरची एकही पुडी तिनं उघडली नाही. सगळ्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण लावून. आणि टाकीत? तीच पहिली पिशवी. दर रविवारी धुवायची, गच्चीवर वाळवायची, परत घालायची. सोलापूरचं ऊन, त्यात काय चार्ज होणार नाही?

मेच्या शेवटी रावसाहेब काळवंडले. बाईसाहेब कोपऱ्याकडं तोंड करून उभ्या, दोन दिवस उपाशी. उत्कर्षानं दुकानात फोन लावला.

"कार्बन कधी बदलला?"

"...परवाच."

अर्ध्या तासात राजशेखर दारात. गडबडीत पायात दोन वेगळ्या चपला. टाकीपुढं गुडघ्यावर बसला, पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं. त्याचा चेहरा उतरला.

"पाणी पिवळं हाय. ताज्या कार्बनचं पाणी असं दिसत न्हाय." मग हळूच, "म्हणजे माझा मालच खराब. बारा पुड्या नेल्या तुमी, माझ्या शब्दावर. आणि किती जणांनी नेल्यात... सगळ्यांना फोन करतो, परत मागवतो. ह्या दोघांचं काय झालं तर मी पुन्हा मासा विकायचा न्हाय."

त्यानं खरंच फोन काढला.

बोलावं तर सगळंच उघडं पडतंय. गप्प बसावं तर मासे जातेत, आणि ह्याचं नावही जातंय.

"थांबा!"

ती आत पळाली. डबा आणून त्याच्यापुढं ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, बाईसाहेबांसारखीच.

"त्यो डबा व्हय?" आत्या दारातनं म्हणाली. "मला वाटलं, काळं मीठ साठवायली!"

राजशेखरनं झाकण काढलं. अकरा पुड्या. सगळी त्याचीच अक्षरं, ओळीनं लावलेली. तो एकेक वाचत गेला. कान लाल होत गेले.

"मग... फिल्टरमध्ये काय हाय?"

"पहिलीच. धुऊन गच्चीवर वाळवते."

त्यानं पिशवी काढली, नाकाजवळ नेली, आणि लागोपाठ सात शिंका!

"मि... मिरची!"

"मग! ब्याडगी हाय," आत्या म्हणाली. "एकाच चादरीवर वाळतंय सगळं."

"बाई, वाळवून हा ताजा होत न्हाय हो! आणि एवढ्या नाजूक जिवांना तुमी तिखटाचं पाणी पाजलं!" तो हसत होता, पण हात भराभर चालत होते. निम्मं पाणी काढलं, क्लोरीन उडावं म्हणून पिंपात दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी हळूहळू भरलं. मग डब्याकडं हात नेला.

तिनं डब्यावर पंजा ठेवला. "ही नको... ती पण नको..."

"उघडल्या का न्हाईत?"

"फाडलं की तुमचं अक्षर फाटतं."

"मीबी शहाणा न्हाय," तो म्हणाला. "महिन्याला एक सांगायचो आणि दर आठवड्याला एक द्यायचो. वर्षाचा माल तीन महिन्यात. गणित मलाबी येतंय, बाई..."

आणि त्यानं 'बाईंना दोन'वाली पुडी फाडली.

"अहो —!"

"फाटू द्या. लिहिणारा समोर बसलाय की."

तिसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं. रावसाहेबांचा रंग परतला, बाईसाहेब जेवल्या. बघायला राजशेखर आला, एकसारख्या चपला घालून.

"अण्णा, च्या घेणार न्हवं?" आत्यानं विचारलं.

"आत्या, अण्णा नाही म्हणायचं," उत्कर्षा पटकन म्हणाली.

"मग काय म्हणू गं?"

दोघंही माशांकडं बघायला लागले. आत्या पदरात हसू दाबत आत गेली.

त्यानं खिशातनं मार्कर काढला, इकडंतिकडं बघितलं. लिहायला पुडी नव्हती. उत्कर्षानं तळहात पुढं केला. त्यानं तो धरला, टोपण दातांनी काढलं, आणि सावकाश लिहिलं —

'हे मात्र धुऊ नका.'