ऊन आहे तोवर

“ओ मोताळेवाली, पळायचं खाली हाय! वर काय पाहून राह्यली?”

मी दचकले. बुलढाण्याच्या मैदानावर तो फक्कीची रेघ मारत होता. सोनाळ्याचा कडूबा, मुलांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीतला.

“ऊन... ऊन बघतेय.”

“काऊन? काळी पडशीन म्हणून?”

हसू आलं, पण नजर परत वर गेली. त्रेसष्ट सालातला डिसेंबर, शुक्रवार. आम्ही यहुदी. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो. मग ना काम, ना शर्यत. कडुनिंबाखाली उभ्या बाबांनी बजावलं होतं, “मिल्का, ऊन आहे तोवर पळ. बुडालं की हात धरून नेईन.” आजची शर्यत हुकली की अमरावतीची पुढची स्पर्धा हुकली... आणि पळणंही. घरात स्थळं बघणं सुरूच होतं.

प्रमुख पाहुण्यांची जीप राजूर घाटात बंद पडली. त्यांच्यासाठी शर्यती अडल्या; ते आले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. शर्यती घेणारे सर ओरडले, “आधी मुलं, मग मुली!”

कोण जाणे का, मी कडूबाला सगळं सांगून टाकलं. त्यानं मावळतीकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, आणि लंगडत सरांकडं गेला.

“सर, पोरींचं आधी होऊ द्या. माह्या पोटरीत गोळा आला.”

“पोरीसाठी लंगडून राह्यला बे!” पोरं खिदळली. कारण तो जाताना डाव्या पायानं लंगडला, येताना उजव्या!

तरी सरांनी मुलींना आधी रेघेवर बोलावलं. मी पळाले. बाबांचा हात मागून येतोय, असंच वाटत होतं. फीत छातीला लागली, तेव्हा सूर्य नुकता टेकडीला टेकला होता.

“आता माही शर्यत पाहून जाय,” तो म्हणाला.

“नाही थांबता येत. इथं आत्याकडे आई शब्बाथचा दिवा लावायची खोळंबलीय.”

“उद्या भेटशीन?”

“उद्या शब्बाथ.”

“मंग परवा?”

बाबा जवळ येत होते. “परवा... मोताळ्याला ये. पण आधी बाबांना विचार.”

तो पांढराफटक पडला. तरी पुढं झाला. “काका... रविवारी तुमच्या घरी येऊ काय?”

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. धर्म वेगळा, जात वेगळी...

“ये,” बाबा म्हणाले. “पण जिंकून ये.”

मागं सरांनी त्याचं नाव पुकारलं. वळून पाहायची माझी हिंमतच झाली नाही.

रविवारी दुपारी दार वाजलं. उंबऱ्याबाहेर कडूबा उभा, मान खाली.

“दुसरा आलो,” तो बाबांना म्हणाला. “तरी... आलो.”