चादरीची दोन टोकं

लाज म्हणून काही असते की नाही माणसाला? लोकांच्या दारातून न विचारता फोटो काढायचा, तो जगभर वाटायचा, आणि वर मळके शर्ट घेऊन हसत हसत त्याच दारात यायचं!

"ओळखलंत का मावशी? मीच तो! तुमची लॉन्ड्री फेमस केली मी."

"मी तुझी मावशी कधीपासून?" मी विचारलं. "आणि फेमस करायला सांगितलं कुणी?"

पण थांबा. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्या कॅमेरेवाल्याच्या बाजूने व्हाल. गालाला खळी पडते मेल्याच्या. सगळे फसतात.

माझी भाची लहानपणापासून माझ्याकडे. लॉन्ड्रीतला माझा उजवा हात. तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. शाळेत कुणीतरी चिडवलं, तेव्हापासून हसू आलं की हात तोंडावर. "अगं, हसू काय चोरीचं आहे का?" असं बोलून बोलून माझी जीभ झिजली. पण हात काही खाली येईना.

एकाच वेळी यायचा. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. दोन्ही हात अडकलेले! नेमकं तेव्हा मी काहीतरी वेडंवाकडं बोलायची, आणि पोरगी अशी हसायची... अशी हसायची, की इस्त्रीची वाफसुद्धा उजळून निघायची.

ते हसू माझं होतं. म्हणजे तिचं होतं, पण मिळायचं मला एकटीला.

त्या दिवशी दार उघडं होतं. हा रस्त्याने चालला होता, आणि त्याने ते उचललं.

आम्हाला पत्ताच नाही! बँकेतल्या बाई साड्या न्यायला आल्या, त्यांनी मोबाइल पुढे केला. "ही तुमचीच ना?" खाली हजार लोकांनी हजार गोष्टी लिहिलेल्या. कुणाला ती परी वाटली, कुणी दातांची फट मोजली, एका शहाण्याने तर दुकानाचा पत्ताही दिला. शेळी जाते जिवानिशी, आणि खाणारा म्हणतो वातड!

मग काय, काचेबाहेर रांग. धुवायला एक रुमाल नाही आणला कुणी, नुसते बघायला. भाची मागच्या खोलीत गेली ती गेलीच. हात तोंडावर नाही, कारण हसणंच बंद. चादरीला हात लावेना. मी या वयात चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून घडी घालायची. घडी कसली, गाठोडं!

आणि असा माणूस मला विचारतो, ओळखलंत का?

"रस्त्यावरून काढला हो," तो म्हणाला. "रस्ता तर सगळ्यांचा असतो."

"रस्ता सगळ्यांचा. तोंड तिचं आहे."

"पण किती सुंदर आलाय तो! मी वाईट काहीच..."

"म्हणून विचारलं नाहीत?" मागून आवाज आला. भाची दारात उभी. "विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. हेच ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, कॅमेऱ्याशिवाय. खळी कुठल्या कुठे गेली. शर्ट काउंटरवर टाकून पळाला.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. धुण्याआधी खिसे तपासायचे. जे निघेल ते पाकिटात घालून, बंद करून, परत द्यायचं. बघायचं नाही, वाचायचं नाही, बोलायचं नाही. या गावातल्या कुणाच्या कपड्यावर कसला डाग होता, ते माझ्याबरोबरच जाईल.

त्याच्या खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड निघालं. मी म्हटलं, "घाल मशीनमध्ये. चांगलं गरम पाणी कर." भाचीने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि कार्ड पाकिटात घातलं.

तो शर्ट न्यायला आला तेव्हा पाकीट तिनेच दिलं. त्याने पाकीट उघडलं, आणि चेहरा पांढरा.

"तुम्ही... बघितलं नाही यात काय आहे ते?"

"आमच्याकडे बघत नाहीत."

"मी तुमच्याशी असं वागलो, तरी?"

"तुम्ही तसे वागलात म्हणून मीही तशीच वागू?"

कान लाल झाले त्याचे. तिथेच उभ्या उभ्या त्याने मोबाइलवरून तो फोटो काढून टाकला. पण कापूस पिंजून वाऱ्यावर सोडला की गोळा होतो का कधी? दुसऱ्यांनी उचलला होता, तिसऱ्यांनी वाटला होता. मग हा पठ्ठ्या एकेकाच्या मागे लागला. लिहायचा, विनवायचा, भांडायचा. आणि रोज संध्याकाळी एक शर्ट घेऊन हजर.

"आज दोघांनी काढून टाकला."

"बरं," भाची म्हणायची.

"एकाने मला शिव्या दिल्या."

"कोणत्या?"

"...सांगण्यासारख्या नाहीत."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं, आणि लगेच नजर खाली घातली. तेव्हा मला वाटलं, पोरगं अगदीच टाकाऊ नाही. शर्ट मात्र स्वच्छ असायचे. धुतलेलेच पुन्हा धुवायला! मी काय आंधळी आहे?

एकदा आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "एक फोटो राहिलाच. कुणी टाकलाय तेच कळत नाही. कितीही केलं तरी... मला माफ करा."

भाचीने इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "राहिला तर राहिला. तुम्ही कसा काढलात ते मी विसरणार नाही. मागे कसे लागलात तेही नाही." मग तिने ढिगातली सगळ्यात मोठी चादर ओढली. "आत्याचे खांदे दुखतात. धरा ते टोक."

मी म्हटलं नव्हतं हो, खांदे दुखतात म्हणून! पण खांदा चोळत बाजूला झाले.

त्याने टोकं धरली. उलटी. ताणली तर पीळ पडला, झटकली तर स्वतःच्याच तोंडावर. चादरीआडून आवाज आला, "हे असंच असतं का?" आणि दोन्ही हात अडकलेली माझी पोरगी हसली. दात, फट, सगळं उघड. कॅमेरा त्याच्या गळ्यात लटकत होता. टोकं सोडली असती, तर मिळाला असता फोटो, पहिल्यापेक्षा शंभरपट सरस.

त्याने टोकं सोडली नाहीत. चालत तिच्यापर्यंत गेला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, आणि बोटांना बोटं लागली तशी दोघंही जागच्या जागी थिजली.

"मी... विचारू का एक?" तो पुटपुटला.

"फोटोचं?"

"नाही."

"मग विचारा," ती म्हणाली. हात मोकळा झाला होता तिचा. तोंडावर नाही गेला.

मी घसा खाकरला. कुणीतरी खाकरायलाच हवं होतं.

"ऐक रे, कॅमेरेवाल्या. हात रिकामे असले की तू चोर, आणि भरलेले असले की माणूस. तेव्हा उद्यापासून चादरींना तू यायचंस. आणि ते धुतलेले शर्ट आणणं बंद कर, पाणी फुकट जातं. आत्या म्हण मला... मावशी नाही."