बारा मिलिमीटर

जुन्नरच्या रविवारच्या बाजारात मी माठ उचलला आणि शेजारून आवाज आला, “ह्यो नका घेऊ. आतून चिरलाय.”

उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळे असे, की भांडायला सरसावलेली मी जरा नरमलेच. तरी म्हटलं, “चीर तर कुठं दिसत नाही!”

“दिसत न्हाई... ऐकू येती.” त्यानं बोटाच्या पेरानं माठ वाजवला. भद्द! शेजारचा वाजवला. टण्ण! “आमच्या घाटघरात वाजवल्याबिगर कुणी माठ घेत न्हाई. आता मी बोटीबी अशाच वाजवतो.”

“बोटी? घाटघरात?”

तो खुदकन हसला. बंदरात लागलेल्या मालवाहू जहाजांच्या पोटात उतरायचं, हातोडीनं ठोकायचं, यंत्रानं पत्र्याची जाडी मोजायची, हे त्याचं काम. मी हातातला माठ खाली ठेवला. कारण असे रिपोर्ट वाचून जहाजाला विमा द्यायचा का, हप्ता किती लावायचा, हे पुण्यातल्या ऑफिसात मीच ठरवते. मी, बोरी बुद्रुकची वैजयंती! जहाजाचं वय, आधीचे अपघात, खलाशी किती मुरलेले, कुठल्या समुद्रात जाणार, सगळं मला ठाऊक. जहाज मात्र जन्मात पाहिलेलं नाही.

“किती जाड असतो हो पत्रा?” माहीत असूनही मी विचारलं.

“बारा मिलिमीटर धरा.” त्यानं माझ्या करंगळीकडं बोट दाखवलं... स्पर्श केला नाही. “एवढाच. ह्या अंगाला तेवीस माणसं जेवत्यात, झोपत्यात. त्या अंगाला अख्खा समुद्र.”

दोन वर्षं रोज वाचलेला तो आकडा मला आज पहिल्यांदा दिसला.

“एकदा चुकलो,” तो माठाकडं बघत म्हणाला. “बोटीतल्या टाकीच्या कोपऱ्यात हात पोचंना, जीव गुदमरत व्हता. शेजारच्या पत्र्याचाच आकडा लिवला, बारा. विम्याच्या ऑफिसातल्या मॅडमनी रिपोर्ट परत धाडला. दोन्हीकडं अगदी सारखा आकडा कसा, म्हणून. परत उतरलो... तिथं पत्रा आठच राहिला व्हता!”

“मग?”

“बोट थांबवली, पत्रा बदलला. आन् न मोजताच आकडा लिवला व्हता, हे म्या मॅडमना पत्रात खरं खरं कळवलं. दोन महिने झालं, उत्तर न्हाई. त्या मॅडम आता मला काम देत्यात व्हय? आन् द्यावं तरी का?”

“तुम्ही सुदर्शन,” मी हळूच म्हटलं. “पत्राची शेवटची ओळ... ‘माझा भाऊ त्या बोटीवर असता तर मी मोजलं असतं.’”

त्याचा हात माठावर तसाच राहिला.

“रोज उत्तर लिहायला बसते, आणि तुमचंच पत्र परत वाचत राहते. चुकणारे पुष्कळ असतात, राव. आपणहून सांगणारा एकच निघाला.” आता माघार कसली? “मला तो आवडतो... न बघताच.”

त्यानं माठावरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, “मॅडम... न बघता, न मोजताच ‘आवडतो’ लिवलं?”

“हो. तुमचीच चूक केली मी!”

“मग परत मोजाया लागंल.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. “म्होरल्या रविवारी बंदरात या. बोट बघा... मलाबी बघा.”

“येते. आणि कामाचं पत्र उद्याच निघेल. यापुढं प्रत्येक आकड्याला फोटो जोडायचा!”

त्यानं निवडून दिलेला माठ मी एसटीत बोरीपर्यंत मांडीवर घेऊन बसले, आणि मधूनमधून उगीचच वाजवून बघत होते.