धूळकोठीचे ठोके

शामराव गजभिये त्या दिवशी घरातून निघाले ते फक्त दवा आणायला. मे महिन्याची टळटळीत दुपार, रायपूरच्या गुढियारीतली गल्ली चिडीचूप, कुत्रीसुद्धा नालीच्या ओलाव्यात पोट टेकून पडलेली. दवाईचं दुकान म्हणाल तर हाकेच्या अंतरावर. पण शामरावांना तिथवर चार मुक्काम लागत. पहिला हातपंपापाशी, तिथे ते चपलेचा पट्टा नीट करीत. दुसरा कडुलिंबाखाली, तिथे फोन काढून त्यावर उगाच बोट फिरवीत. लोकांनी 'अरेरे' म्हणू नये म्हणून चाललेली ही सगळी सोंगं. माणूस मोठा मानी! छातीत पंचवीस वर्षांची धूळ बसलेली, पण 'मले दम लागते' असं त्यांनी पोटच्या पोरीलाही कधी सरळ सांगितलं नव्हतं.

एकाच माणसापुढे ते मोकळेपणाने धापा टाकीत. तो माणूस तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. मारोती मेश्राम, शेजारच्या खोलीतला.

दोघे एकाच लोखंडाच्या कारखान्यात होते. भट्टीची सगळी राख जिथे येऊन बसते ती धूळकोठी मधूनमधून साफ करावी लागे. एक जण आत उतरायचा, एक जण बाहेर झाकणापाशी बसायचा. आत स्वतःचा हात दिसत नसे, आणि हाक मारायला तोंड उघडलं की तोंडभर राख. म्हणून ठोके. आतल्याने पान्याने पत्र्यावर तीन द्यायचे, म्हणजे 'मी आहे'. बाहेरच्याने दोन, म्हणजे 'मीही आहे'. आणि बाहेरून एकच ठोका आला की काम संपलं, निघ बाहेर. ह्यावर एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळत. आतला बाहेर येईस्तोवर बाहेरच्याने जागा सोडायची नाही. बिडी नाही, चहा नाही, काही नाही.

नोकरी सुटली, आजार तेवढा सोबत आला. मारोतीने लग्न केलं नव्हतं, शामरावांची बायको वारलेली. शेवंताबाईच्या चाळीत दोघांनी लागून लागून खोल्या घेतल्या, आणि छातीच्या दुखण्याशी संसार कसा करायचा ते एकमेकांकडून शिकून घेतलं. अंघोळ स्टुलावर बसून. भाजीला फोडणी नाही, धुराने खोकला उसळतो. झोपायचं ते भिंतीला तीन उशा लावून, बसल्या बसल्याच. धाप लागली की कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि गरम चहा फुंकावा तसा श्वास हळूहळू सोडायचा. आणि मधल्या भिंतीवर मुठीने तीन ठोके. पलीकडून दोन आले की अर्धी धाप तिथेच ओसरायची.

मग तो दिवस आला. आदल्या रात्री शामरावांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी जरा पापणी मिटते तोच भिंतीवर तीन ठोके. त्यांनी दोन दिले. थोड्या वेळाने पुन्हा तीन. पुन्हा दिले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचं डोकं सणकलं. 'काय कटकट लावली बाप्पा ह्या मारोतीनं! पाच मिनिटांनी देतो.' ठोके येतच राहिले, मग हळू हळू होत गेले. शामराव झोपून गेले. उठले तेव्हा गल्लीत दिवे लागले होते, आणि मारोती त्या भिंतीलाच टेकून थंड झाला होता. मूठ अजून भिंतीवरच होती.

"झोपीतच गेला बिचारा, काही कळलं नसन त्याले," शेवंताबाई म्हणाली. शामरावांनी नुसती मान हलवली.

त्यांची लेक चित्रा नवा रायपुरात सरकारी कचेरीत कामाला होती. तिचा रोज फोन यायचा. "बाबा, इकडे या ना. एकटे काहून राहून राहिले तिथं?" शामराव काहीबाही सांगून टाळायचे. खरं कारण सांगणार कसं? एकदा, फक्त एकदा, त्या भिंतीवर तीन ठोके यावेत आणि आपण दोन द्यावेत, एवढ्यासाठी तो माणूस तिथे बसून होता.

तर त्या दुपारी दवा घेऊन ते परतले तेव्हा वीज गेलेली होती. दार लावलं तशी खोली अंधारली. धाप अशी काही लागली की श्वासाच्या पंपाचं झाकणही निघेना. आणि हात आपला सवयीने भिंतीकडे गेला. ठक, ठक, ठक.

मग त्यांना आठवलं. पलीकडे कोणी नाही. त्या खोलीला कुलूप आहे.

ठक. ठक.

शामराव बसल्या जागी गार पडले. खोलीत वास पसरला होता... जळक्या कोळशाचा, तापल्या पत्र्याचा. "मारोती...?" ते पुटपुटले. पण खरं सांगतो, धाप ओसरली.

भ्यायला हवं होतं ना? भ्यालेच. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपणहून तीन ठोके दिले, आणि दोन आले. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच तर होतं. असे आठ दिवस गेले. एक गोष्ट मात्र त्यांना आत कुठेतरी टोचत राहिली. मारोती कधी तीन देत नव्हता, नेहमी दोनच. म्हणजे आता तो बाहेरचा. मग आत कोण?

नवव्या दिवशी शामराव ताट पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी भिंतीला हातही लावला नव्हता. तिकडून एक ठोका पडला. एकच. जरा थांबून पुन्हा एक.

"अजून नाई रे, मारोती..." हात भातात तसाच राहिला. "त्या दिवशी मी... मले माफ कर बावा..."

ठक.

ते कसेबसे उठले, शेवंताबाईला बोलावून कुलूप काढायला लावलं. खोली रिकामी, परवाच चुना मारलेली. "उंदीर असन भाऊ, तुम्ही बी ना!" असं म्हणत ती वळली, आणि थबकली. पांढऱ्याफेक भिंतीवर, बसल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, राखेचा डाग होता. मुठीएवढा.

"मायबाई... हा कुठून आला?"

शामरावांनी फोन केला तशी त्याच संध्याकाळी चित्रा गाडी घेऊन आली, आणि शामराव मुकाट्याने बसले.

चित्राचं घर सहाव्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी टोकाला. खाली रुंद रस्ते, आणि त्यांवर माणूस औषधालाही नाही. वारा लागावा म्हणून तिने बापाची खाट खिडकीजवळ, बाहेरच्या भिंतीला लावली. त्या भिंतीपलीकडे शेजार नव्हता, सहा मजले नुसती हवा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शामराव सोंग न करता म्हणाले, "पोरी, मले दम लागते वं. खूप लागते."

"मंग आधी सांगाचं नाई का, बाबा?" चित्राचे डोळे भरून आले.

मग त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. "मारोतीनं ठोके देले होते. मी उठलो नाई."

"तुम्ही झोपले होते ना."

"नाई वं. जागा होतो."

चित्रा बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मग चहा टाकायला आत गेली. शामरावांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. त्यांनी डोळे मिटले. नियम आपण मोडला, मारोतीने उभ्या जन्मात एकदाही मोडला नाही, हे त्यांच्या मनात आलं.

"बाबा," आतून चित्राची हाक आली, "भिंत काहून ठोकली? काही पाहिजे का?"

शामरावांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"किती... किती ठोके ऐकले तू?"

"एकच," चित्रा म्हणाली.